जाळ्यावरून गेलेलं जहाज

बुऱ्हाणपुरात समुद्राबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं. आमच्याकडे पाणी म्हणजे तापी, आणि तीही उन्हाळ्यात कुठे कुठे गुडघाभर. पण मी जहाजावर होतो हे कळलं की पानठेल्यावर उभा असलेला माणूसही मला समुद्र शिकवायला लागतो. लाटा केवढ्या येतात, चाचे कसे चढतात, कप्तान किती रुबाबात राहतो. पूर्वी माझ्या डोक्यात तिडीक जायची. माझं डोकं तसं लवकर तापतं, घरचे सांगतील. आता नाही तापत. ते बोलतात, मी पान खातो.

मी एका व्यापारी जहाजावर खलाशी होतो. त्या जहाजाने एकदा भर समुद्रात लढाई केली. ती करायचं काही एक कारण नव्हतं. एका माणसाच्या हट्टापायी ती झाली, आणि तिच्यापायी दुसरा एक माणूस परक्या देशात तुरुंगात जाऊन बसला. तो सुटणार की नाही, हे शेवटी माझ्या साक्षीवर येऊन ठेपलं. ते कसं आलं आणि मी काय केलं, तेवढं लिहून काढतो. नावं लिहीत नाही. माणसांचीही नाही, देशाचंही नाही, कंपनीचंही नाही.

आमचं घर मध्य प्रदेशातलं, बुऱ्हाणपूरजवळच्या शाहपूरचं. केळीची बाग, आबा, माय, मी आणि माझी बायको. केळीवाल्यांच्या घरातला पोरगा जहाजावर कसा गेला ते विचारू नका, सगळे विचारतात. बारावीनंतर एका ओळखीच्याने सांगितलं, मी फॉर्म भरला. आबा म्हणाले, "जाय, पाहून घे. नाही जमलं तं बाग आहेच." जमलं. आठ-नऊ महिने पाण्यावर, मग दोन-तीन महिने घरी, असं चालू झालं. पुढे मला सुकाणूवर उभं करायला लागले.

सुकाणूवरच्या माणसाचं काम सोपं असतं, फक्त डोकं बाजूला काढून ठेवावं लागतं. कप्तान हुकूम सोडणार. आपण तो जसाच्या तसा मोठ्याने परत म्हणायचा, चाक फिरवायचं, आणि फिरवून झालं की झालं म्हणून सांगायचं. डावीकडे दहा म्हटलं की चाक डावीकडे दहा अंश. का, कशाला, हे विचारायचं नाही. त्यात चूक काही नाही. चार जणांनी चार डोकी चालवली तर जहाज खडकावर जाईल. मी त्यात चांगला मुरलो होतो. घरी आलो की मायने "मीठ आण" म्हटलं तरी तोंडातून "मीठ आणतो" निघायचं, आणि बायको हसायची.

त्या वेळचा कप्तान एका देशाच्या आरमारातून निवृत्त होऊन आला होता. माणूस वाईट नव्हता. मला ताप भरला होता तेव्हा दोनदा खाली येऊन बघून गेला. पण जेवायला बसला की त्याचं एकच पुराण, तोफा, युद्धनौका, कवायती. सगळी हयात आरमारात काढली आणि लढाई एकही वाट्याला आली नाही, ही त्याची खंत होती. ती तो लपवतही नव्हता. आम्ही ताटात बघून जेवायचो.

चाच्यांची भीती असलेल्या पट्ट्यातून जायचं म्हणून कंपनीने चार बंदूकवाले भाड्याने चढवले होते. कठड्यांना काटेरी तार गुंडाळली होती. कप्तान एकदम तरणा झाला. दिवसातून चार वेळा दुर्बीण घेऊन ब्रिजवर यायचा. ब्रिज म्हणजे जहाज चालवायची वरची काचेची खोली. चाक तिथेच असतं, मीही तिथेच.

सकाळचे दहा वाजले असतील. ऊन चांगलं होतं, पाणी सपाट. समोर उजव्या अंगाला तीन होड्या दिसल्या, लांबट, मागे इंजिन लावलेल्या. त्या आमच्याकडे जोरात यायला लागल्या. कप्तान म्हणाला, आले. बाकीच्या खलाशांना खाली सुरक्षित खोलीत पाठवलं. वर राहिलो कप्तान, एक अधिकारी, मी, आणि बाहेर बंदूकवाले.

मला मात्र आणखी एक गोष्ट दिसत होती. आमच्या नाकासमोर पाण्यावर पांढरे डबे तरंगत होते, एका ओळीत, लांबपर्यंत. ते डबे मी ओळखतो. तापीच्या डोहात आमच्याकडचे भोई जाळं लावतात तेव्हा असेच तेलाचे रिकामे डबे बांधतात. लहानपणी आम्ही ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून एकदा त्या जाळ्यावर गेलो होतो. भोई नाव वल्हवत सरळ आमच्या अंगावर आला होता, शिव्या देत, वल्हं उगारून. त्याला आम्हाला मारायचं नव्हतं, जाळं वाचवायचं होतं. होड्यांमधली माणसं उभी राहून हात हलवत होती. बाजूने जा, बाजूने जा. एवढंच ते म्हणत होते, आणि शाहपूरचं शेंबडं पोरही ते समजलं असतं.

मी म्हणालो, "सर, समोर जाळं आहे. हे मच्छीमार आहेत."

ब्रिजवर सुकाणूवाला असं बोलत नाही. कप्तानाने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाला, तू तुझं चाक बघ.

डावीकडे थोडं वळलो असतो तर जाळंही वाचलं असतं आणि आमची पाच मिनिटं गेली असती. अधिकारीही हळूच तेच म्हणाला. आधी इशाऱ्याचा लाल बाण सोडायचा असतो, मग हवेत गोळी, असा नियम होता, तोही अधिकाऱ्याने बोलून दाखवला. कप्तानाने दोघांनाही हातानेच गप्प केलं. हुकूम आला, उजवीकडे वीस. म्हणजे सरळ होड्यांच्या अंगावर.

"उजवीकडे वीस, सर," मी म्हणालो, आणि चाक फिरवलं.

बंदूकवाल्यांना त्याने गोळीबार करायला सांगितलं. पहिल्याच फैरीत पुढच्या होडीतला एक जण आडवा झाला. तोवर त्यांच्याकडे कुठलंही हत्यार मी बघितलं नव्हतं, शपथेवर सांगतो. माणूस पडल्यावर मागच्या होडीतून एकाने खालून जुनी रायफल काढली. त्या किनाऱ्यावर चोरांच्या भीतीने मच्छीमार एखादी बाळगतात, हे मला नंतर कळलं. त्यांनीही गोळ्या सोडल्या. ब्रिजची एक काच फुटली. आमच्या एका बंदूकवाल्याच्या मांडीत गोळी घुसली. कप्तान हुकमावर हुकूम देत होता, मी एकेक परत म्हणत होतो आणि चाक फिरवत होतो. त्याचा आवाज आनंदी होता. हे मला सगळ्यात जास्त आठवतं.

वीस-पंचवीस मिनिटं चाललं हे. जाळ्यावरून आम्ही आरपार गेलो. एक होडी उलटली, एक छिद्रं पडून बुडाली, तिसरी पळाली. कप्तानाने जहाज हळू करून पाण्यातल्या एका माणसाला शिडी टाकून वर घेतलं. पुरावा पाहिजे होता त्याला. चाचा पकडला म्हणजे लढाई खरी.

तो माणूस चाळिशीचा, दाढी अर्धी पांढरी. त्याला रंगाच्या कोठीत कोंडलं. चहा-जेवण न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं, दुसरं कोणी जायला तयार नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने जेवणाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी वरण-भात खाल्ला. त्याची भाषा मला येत नव्हती, माझी त्याला. तो दोन्ही हातांनी जाळं फेकून दाखवायचा, मग माझ्याकडे बघायचा. मी मान हलवायचो. मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यालाही कळलं होतं. मी ताट घेऊन परत यायचो.

बंदर यायच्या आदल्या दिवशी कप्तानाने एक कागद टाइप करून आणला. होड्यांमध्ये हत्यारं दिसली, त्यांनी आधी गोळी झाडली, मग आम्ही झाडली. जे खाली कोंडून बसले होते त्यांनीही सही केली. अधिकाऱ्याने केली. मीही केली. कोणी माझा हात धरला नव्हता. सगळे करत होते, रांगेत माझी पाळी आली, पेन हातात आलं. बंदरात पोलीस येऊन त्या माणसाला घेऊन गेले. जिना उतरताना त्याने माझ्याकडे बघून छातीला हात लावला, चहाबद्दल असेल.

घरी आलो तर इथे वेगळाच तमाशा. आमच्या गावाकडे कोणाचं काही झालं की सत्कार. पोरगा पास झाला सत्कार, निवडून आला सत्कार, पडला तरी एक छोटासा सत्कार. मी बंदरातून फोनवर आबांना एवढंच म्हटलं होतं की चाच्यांचं काहीतरी झालं, मी ठीक आहे. तेवढ्यावर चौकात फ्लेक्स लागला. माझा लग्नातला फोटो, मागे कुठली तरी लढाऊ नौका, वर लिहिलेलं, समुद्री लुटेरोंसे लोहा लेनेवाले वीर. मी आबांना म्हटलं, हे काय लावलंय, काढा ते. आबा म्हणाले, "काहाले काढू? फोकटात लावलं का? लढला नाही का तू?"

शाल, श्रीफळ, हार. मला माइक दिला. मी म्हणालो, सगळ्यांचे आभार. खाली बसलो. लोकांना वाटलं, किती साधा माणूस आहे. मला काही वाटत नव्हतं. लाज वाटायला हवी होती, ती कुठे तरी लांब होती, शेजारच्या घरात चालू असलेल्या टीव्हीसारखी.

बायकोला मात्र मी सांगितलं. ती नेपानगरची. तिचे वडील महाराष्ट्रातून कागद मिलच्या नोकरीसाठी आलेले. ती आमच्यापेक्षा शुद्ध बोलते आणि सरळ बोलते. एका दुपारी केळीचे वेफर्स तळत होती, तेव्हा मी जाळ्याचं सांगितलं, डब्यांचं, कागदावरच्या सहीचं. तिने कढईखालचा गॅस बंद केला. म्हणाली, "म्हणजे तो बिचारा कोळी आहे आणि तो चाचा म्हणून आत बसलाय?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "आणि तुम्ही इथे वेफर्स खाताय." मी हातातला वेफर परत ताटात ठेवला.

सात-आठ महिन्यांनी कंपनीच्या वकिलाचा फोन आला. त्या देशात खटला उभा राहिला होता. पकडलेल्या माणसाच्या वकिलाने मागणी केली होती की चाकावर जो होता त्याला विचारा. कप्तान आणि अधिकारी ठरलेलं सांगून मोकळे झाले होते. बंदूकवाले कुठे पांगले ते कोणाला माहीत नव्हतं. आता माझं बोलणं फिरलं तर तो सुटण्यासारखा होता. नाही फिरलं तर आतच राहणार होता, पुष्कळ वर्षं. वकील गोड बोलला. व्हिडिओवरूनच आहे, पंधरा मिनिटांचं काम, कागदावर आहे तेच बोलायचं. दुभाष्या हिंदीचा देतोय, तुम्हाला सोपं जाईल.

बायकोने एकच म्हटलं. "तुम्ही खरं बोललात तर तो माणूस घरी जाईल. बाकी मला काही माहीत नाही." मी म्हटलं, बोलतो. मनापासून म्हटलं. जहाजाची नोकरी जाईल हे दिसत होतं, जाऊ दे म्हटलं, बाग आहेच. त्या आठवड्यात मला झोपही बरी लागली.

चूक आमच्या घराने केली, आणि अशी चूक आम्हीच करू जाणे. शाहपूरला नेटचा भरवसा नव्हता, म्हणून बुऱ्हाणपुरात, इतवारा भागात, एका ओळखीच्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मागची खोली घेतली. मी एकटा जाणार होतो. सकाळी उठून बघतो तर अंगणात दोन गाड्या. आबांनी पोराची परदेशी कोर्टात साक्ष आहे म्हणून अख्खी भावकी गोळा केली होती. काका, आत्येभाऊ, सरपंच, शाळेतले माझे मास्तर. सरपंचाने इस्त्रीचे कपडे घातलेले. मी म्हटलं, "आबा, कोर्ट आहे ते. तमाशा नाही." आबा म्हणाले, "मागे बसू गपचूप. तुले आधार वाटेल." जागा नाही म्हणून बायकोला तेवढं घरी ठेवलं. ती दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

त्या खोलीत अकरा माणसं माझ्या पाठीशी बसली. पंखा एक. पडद्यावर चौकोनात न्यायाधीश, चौकोनात वकील, एका चौकोनात तो. दाढी पूर्ण पांढरी झाली होती. मला बघून तो हसला आणि छातीला हात लावला. चहावाला ओळखीचा निघाला, आता काम झालं, असं त्याला वाटलं असणार.

दुभाष्या स्वच्छ हिंदी बोलत होता. खोलीतल्या सगळ्यांना एकेक शब्द कळत होता. आमच्यात दहा मिनिटांत कोण काय बोललं हे तापीच्या पलीकडे पोचतं. त्याने विचारलं, तुमच्या जहाजाने गोळी झाडायच्या आधी तुम्ही होड्यांमध्ये हत्यारं बघितली का?

मागून सरपंच पुटपुटला, "हां हां, थीं ना." कोणीतरी त्याला गप्प केलं. आबांची खुर्ची वाजली. मी मागे वळलो नाही, पण आबा पुढे झुकून बसलेत हे मला कळत होतं. ते आयुष्यात असे झुकून बसले होते एकदाच, मायचं ऑपरेशन चालू होतं तेव्हा.

मी म्हणालो, "हां, देखे थे."

भीतीने म्हणालो असतो तर निदान तसं लिहिता आलं असतं. आबांवरच्या मायेने म्हणालो असंही नाही. अकरा माणसांना एक उत्तर पाहिजे होतं, ते खोलीत तयार पडलेलं होतं, मी ते उचलून परत म्हटलं. पहिली गोळी त्यांनी झाडली का? हां. जाळं दिसलं का? नहीं. मागे कोणीतरी समाधानाने श्वास सोडला. पडद्यावरचा माणूस दुभाष्याचं ऐकत होता. तो रागावला नाही. माझ्याकडे बघत राहिला, थोडं कमी ऐकू येणारा माणूस बघतो तसा.

न्यायाधीशांनी त्याला विचारलं, साक्षीदाराला तुला काही विचारायचंय? त्याने एकच विचारलं. दुभाष्याने हिंदीत सांगितलं. तो विचारतोय की मला पाण्यातून वर घेतल्यावर माझा भाऊ तुम्हाला दिसला का? तो माझ्याच होडीत होता.

वर लढाईचं लिहिताना ही एक गोष्ट मी गाळली. ठरवून गाळली. बायकोलाही ती सांगितली नव्हती. त्याला शिडीवरून वर घेतल्यावर मागे पाण्यात, डाव्या अंगाला आणखी एक माणूस होता. पोहत होता. हात वर करत होता. मी म्हणालो, सर, आणखी एक आहे. कप्तानाने दुर्बीण लावली, बघितलं, आणि म्हणाला, एक पुरे. मग पुढे जायचा हुकूम दिला. मी तो मोठ्याने परत म्हटला आणि जहाज सरळ केलं. बराच वेळ तो दिसत होता. किनारा कुठल्याच बाजूला दिसत नव्हता.

हे मी तिथे सांगितलं असतं तर आधीचं सगळं खोटं ठरलं असतं, आणि तो सुटला असता. अजूनही वेळ होती. मी म्हणालो, "नहीं. और कोई नहीं था."

दुभाष्याने त्याला सांगितलं. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. तो काहीतरी बोलला, लांबलचक. दुभाष्या थांबला आणि मग म्हणाला, तो म्हणतोय, शुक्र आहे. म्हणजे तिसऱ्या होडीने त्याला उचललं असणार. तो घरी असेल.

पडदा बंद झाला. आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सरपंचाने मावा जिलेबी मागवली होती, ती फिरली, मी दोन खाल्ल्या. मास्तर म्हणाले, "हिंदी चांगलं बोललास हो." सगळे गाडीत बसलो.

घरी बायको दारातच होती. बाकीचे आत गेले. तिने हळूच विचारलं, "बोललात?"

मी म्हटलं, "बोललो."

"मग सुटेल ना आता तो?"

"सुटेल."

तिने डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, हातपाय धुवा, पान वाढते. त्या दिवशी तिने माझ्यासाठी पुरणपोळी केली होती.